दोन तास गिरणी बंद

आबा गिटार कानाने ऐकत नसत, दातांनी ऐकत. मी वाढवून सांगत नाही. वीतभर लांबीची सागाची एक काठी त्यांच्या खिशात कायम असे. गिटार समोर आली, की काठीचं एक टोक ते गिटारच्या अंगावर टेकवत, दुसरं पुढच्या दातांत धरत, डोळे मिटत आणि अंगठ्याने एकेक तार छेडत. मग काठी काढून सदऱ्याला पुसत आणि सांगत, "आत एक पट्टी सुटलीया. उजव्या अंगाला." छोटा आरसा आणि बॅटरी आत घालून पाहावं, तर पट्टी उजव्या अंगालाच सुटलेली असायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आज लिहितानाही येतो आहे.

आबा साखर कारखान्यात फिटर होते. उसाचा रस काढणाऱ्या चरकांच्या खात्यात निम्मं आयुष्य गेल्यामुळे त्यांचा डावा कान पूर्ण गेला होता, उजवा निम्मा. पण फिरत्या यंत्राला गज लावायचा, तो दातांत धरायचा आणि आतला बिघाड हाडांतून ऐकायचा, ही विद्याही त्यांनी तिथेच मिळवली होती. बदली होऊन गेलेल्या एका इंजिनिअरसाहेबांच्या क्वार्टरमध्ये एक मोडकी गिटार पडून होती. गळीत हंगाम संपल्यावर कारखान्यातली सगळी यंत्रं खोलून दुरुस्त करतात. त्या दिवसांत आबांनी ती गिटारही खोलली. "इतकी पातळ चादर आन् इतका ताण! तरी फाटत न्हाय. आमच्या साहेबाला दावली आसती तर म्हनला आसता हिशोब चुकलाय." हे सांगताना ते अजूनही तितकेच चकित व्हायचे.

स्वतः त्यांना एक ओळ वाजवता येत नव्हती. गाणं म्हणतानाही मी त्यांना कधी ऐकलं नाही. पण बारामती, इंदापूर, फलटणकडचे ऑर्केस्ट्रावाले, जयंतीला गाणाऱ्या पार्ट्या, कॉलेजची मुलं, सगळे आपापली गिटार घेऊन त्यांच्याकडे येत.

नोकरी सोडल्यावर त्यांनी बारामतीच्या कसब्यात पिठाच्या गिरणीला लागून एक खोली भाड्याने घेतली. गिरणीच्या घरघरीमुळे ती कोणी घेत नव्हतं. आबांना त्या आवाजाचा उपद्रवच नव्हता. "सोन्यासारकी जागा. लोकांला कान हायती म्हनून मला मिळाली," ते म्हणायचे. अडचण एकच होती, पीठ. भिंतीच्या फटीतून ते येतच राहायचं. आबांच्या भुवया, कानस, रंधे, छताला टांगलेल्या गिटारी, सगळं पांढरं. गिटारला पॉलिश करायचं तर ओल्या पॉलिशवर पिठाचा कण बसतो, म्हणून ते काम ते फक्त सोमवारी करत. सोमवारी गिरणीला सुट्टी असे.

पण आबांची खरी ओळख म्हणजे त्यांचं कार्ड.

कारखान्यात यंत्र बंद पडलं, की त्याचा अहवाल लिहावा लागे. त्याच धर्तीवर आबांनी जाड कागदाची कार्डं छापून घेतली होती. यंत्राचं नाव, बिघाड, कारण, जबाबदार आणि खाली मालकाची सही. यंत्राचं नाव या रकान्यात ते स्वतः लिहीत, "गिटार, एक नग". बाकीचे रकाने गिऱ्हाइकाने भरायचे. ते भरल्याशिवाय आबा दुरुस्तीला हात लावत नसत.

लोक सर्रास लिहायचे, आपोआप. आबा कार्ड परत सरकवायचे. "आपोआप गवत उगवतं. ह्ये कसं मोडलं?"

मग गिऱ्हाईक लिहायचं, हवामानामुळे.

"हवामानानं बुटाचा ठसा उमटतो व्हय रं?"

अशी झडती चालायची. एका ऑर्केस्ट्रावाल्याने शेवटी घाम पुसत लिहिलं होतं, "कारण: मेहुणा बसला. जबाबदार: मेहुणा." आबांनी तेही चालू दिलं नाही. मेहुण्याला बसायला जागा कोणी दिली, असं विचारून जबाबदारच्या पुढे त्याचंच नाव लिहून घेतलं. ती सगळी कार्डं तारेला ओवून खिळ्याला टांगलेली असत. वाट पाहताना मी ती वाचत बसायचे आणि हसून हसून पोट दुखायचं.

माझंही एक कार्ड त्या तारेत होतं. ते कसं आलं, ते सांगते.

मी इंदापूरकडच्या कळस गावची. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. मला बारामतीला हॉस्टेलवर ठेवताना दादांनी एकच अट घातली होती. "तुजी एक बी तक्रार घरी आली, की पुढच्या एस्टीनं परत यायचं. मंग शिक्षान बंद." दादा बोलून विसरणारे नव्हते.

कॉलेजात 'कमवा आणि शिका' मध्ये मला संगीताच्या खोलीचं काम मिळालं. झाडायचं, पुसायचं, वाद्यं काढून द्यायची, ठेवायची. किल्ली माझ्याकडे. त्या खोलीत एक गिटार होती आणि तिला वाली नव्हता. एका सीनियर मुलीने मला चार-पाच सूर शिकवले आणि मी वेडी झाले. दुसरा शब्द नाही. सकाळी खोली झाडून झाली की दार लावून वाजवायचे. बोटांना घट्टे पडले तर ते मैत्रिणींना मिरवून दाखवायचे. वर्षभरात समूहगीताला साथ करण्याइतपत हात बसला आणि इंदापूरच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी माझं नाव लागलं.

आणि तिथे मी चूक केली. ती गिटार नायलॉनच्या तारांची होती. आवाज मऊ, गोड, पण ढोलकी आणि पेटीच्या पुढे ऐकूच येईना. मला वाटलं, तारा बदलू. बाजारातून पोलादी तारा आणल्या आणि सहाच्या सहा चढवल्या. काय खणखणीत आवाज आला! मी खूश. पोलादी तारेचा ताण नायलॉनपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि नायलॉनसाठी बनवलेल्या गिटारला तो सोसत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कोणाला विचारलं नव्हतं. स्पर्धेच्या आधीच्या सोमवारी, सकाळी सराव करताना, ट्यूब फुटावी तसा धाडकन आवाज झाला. तारा खाली जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, आबांच्या भाषेत घोडी, खालच्या लाकडाचा पापुद्रा घेऊन उडाली आणि तारांना लोंबकळत राहिली.

खोलीबाहेरच्या पाटीवर नियम लिहिलेला होता. कॉलेजच्या वस्तूचं नुकसान झाल्यास पालकांना लेखी कळवण्यात येईल.

माझी मैत्रीण रंजना म्हणाली, "गप बस. कसब्यात एक आबा हायत. त्ये चिकटवून देतील. कुनाला कळायचं बी न्हाय."

आम्ही गिटार चादरीत गुंडाळून आबांकडे नेली. आबांनी घोडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, मग आमच्याकडे पाहिलं आणि कार्ड पुढे केलं. मी लिहिलं, "आपोआप."

"पोरी, नाव काय ह्या तारांचं? ह्या आपोआप चढल्या का गिटारवर?"

मी रडायलाच लागले. रडत रडत सगळं सांगितलं. पाटी, पत्र, दादा, एस्टी. आबांनी उजवा कान माझ्या तोंडाशी आणून सगळं नीट ऐकून घेतलं. मला वाटलं, आता दया येईल.

"बरं," ते म्हणाले. "मंग लिही तसं. आन् मालकाची सही आन."

"मालक?"

"गिटार तुझी हाय का?"

"कॉलेजची आहे."

"मंग कॉलेजची सही आन."

रंजना चिडून म्हणाली, "आबा, सही आणायची तर लपवायचं काय ऱ्हायलं?"

"मी कुठं म्हनलं लपवायचं हाय?" आबा म्हणाले आणि वळून दुसऱ्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी मी सरांपुढे उभी राहिले. सर अर्थशास्त्र शिकवायचे आणि सांस्कृतिक मंडळ त्यांच्याकडे होतं. अतिशय टापटिपीचा, हळू बोलणारा माणूस. खडूही रुमालात गुंडाळून ठेवायचे. मी कार्ड पुढे धरलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, परत घातला आणि म्हणाले, "चल, बघू तरी कोण आहे हा सही मागणारा."

सर दुकानात आले तेव्हा आबा काठी दातांत धरून आमच्याच गिटारवर वाकलेले होते. बोटाच्या पेराने लाकडावर टकटक करत होते. सरांनी नमस्कार केला तो त्यांना दिसलाच नाही. बऱ्याच वेळाने काठी काढून ते म्हणाले, "ही आधी पडलीया."

"नाही आबा!" मी ओरडले. "शपथ. मी कधीच पाडली नाही."

"तुला कोन म्हनतंय? जुनं हाय ह्ये. घोडीखालची आतली पट्टी तडकलीया आन् तड्यात धूळ बसलीया. सात-आठ म्हयन्यांची धूळ हाय." त्यांनी सरांच्या हातात आरसा दिला. "बघा की सर. घोडी पोलादी तारांनी उडाली ह्ये खरं. पन आतली पट्टी आदीच मेलेली व्हती."

सरांनी आरशात पाहिलं. मग आरसा ठेवला. शेजारी गिरणी घरघरत होती. सरांचे कान लाल झाले होते.

"मागच्या गॅदरिंगला," सर म्हणाले, "टेबल सरकवताना माझा धक्का लागला. पडली. वरून काही दिसत नव्हतं. मी परत जागेवर ठेवली. कुणी पाहिलं नव्हतं."

आबांना ऐकू आलं नाही. "काय म्हनले?"

सरांना ते पुन्हा, मोठ्याने, उजव्या कानात सांगावं लागलं. गिरणीच्या रांगेतल्या दोन बायांनी दारातून डोकावून पाहिलं.

"कुनी न्हाय बघितलं," आबा शांतपणे म्हणाले, "पन गिटारनं बघितलं की." आणि कार्ड सरांपुढे सरकवलं. सरांनी खिशातलं पेन काढलं, माझ्या ओळीखाली आपल्या सुबक अक्षरात आपली ओळ लिहिली आणि सही केली.

मला तेव्हा वाटलं होतं, आबा आम्हाला खरं बोलण्याचा धडा देत आहेत. मी तसं म्हटलंही. ते हसले. "धडा कसला? कारन खोटं लिवलं की दुरुस्ती बी खोटी हुती. मी नुसती घोडी चिकटवली आसती, तर शनवारी स्टेजवर पुन्ना उडाली आसती. आतली पट्टी कुनाच्या ध्यानात आली आसती?"

कारखान्यातही त्यांनी तेच केलं होतं. एकदा आबांच्याच हातून एक बोल्ट सैल राहिला आणि अख्खी पाळी थांबली. वरिष्ठ म्हणाले, आपोआप असं लिही, मिटवून टाकू. आबांनी लिहिलं, "जबाबदार: मी." एक हंगामभर त्यांना स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला बसवलं. "मोजलं की. रजिस्टरपेक्षा दोन जास्त भरलं. त्ये बी लिवलं. मंग त्यांनी मला गुमान परत चरकावर धाडलं."

मंगळवारी दुपारीच काम सुरू झालं. आबा मला म्हणाले, "मोडताना हुतीस, मंग जोडताना बी ऱ्हा." गरम पाण्यात ठेवलेल्या डब्यात सरस वितळत होता. तो घोटायचं काम माझ्याकडे. वास असा, की रंजना नाकाला ओढणी लावून पळाली. गिटारच्या पोटातल्या भोकातून हात घालून आबांनी तडकलेल्या पट्टीत सरस भरला आणि स्वतः बनवलेल्या वाकड्या शिकंज्यात ती आवळली. शिकंजा कारखान्याच्या भंगारातल्या लोखंडाचा होता. बुधवारी उडालेला पापुद्रा आणि घोडी बसवली. कुठे जाड, कुठे पातळ, ते बोटाने चाचपून ते "अर्धा सूत", "पाव सूत" असं पुटपुटत आणि पाव सुतासाठी अर्धा तास घासत. मी इतकी रमले होते, की स्पर्धा, पत्र, सगळं विसरायचे आणि पत्र टळणार नाही, हे एकदम आठवायचं. कारण सरांनी प्राचार्यांना सगळं सांगून टाकलं होतं. स्वतःचंही. प्राचार्यांनी सरांना समज दिली आणि सांगितलं, नियम तो नियम, सोमवारी पत्र जाईल.

गुरुवारी सकाळी गिटार जोडून तयार होती. घोडीभोवतीचं लाकूड मात्र कोरं, उघडं. तिथे पॉलिश हवं होतं.

"राहू द्या आता," सर म्हणाले. "वाजली म्हणजे झालं. पॉलिश सोमवारी करा."

"उघडं लाकूड भाईर धाडू? घाम बसंल, डाग पडंल." आबा उठले, लाखेच्या पॉलिशची बाटली काखेत मारली आणि सरळ शेजारी गिरणीत गेले. आम्ही मागे.

गिरणी एक काकू चालवत. रांगेत पंधरा-वीस डबे होते आणि तितक्याच बाया.

"वैनी, दोन तास गिरनी बंद ठिवा," आबा म्हणाले.

काकूंनी घाबरून पट्ट्याकडे पाहिलं. "कशापायी? कोन गेलं का?"

"गिटारला पॉलिश करायचंय."

काकूंनी आबांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, मग रांगेकडे. "आबा, ह्या बाया मला दळून खातील."

"दोन तास! आन् पोरं दुपारच्याला पॉलिश खातील व्हय?" रांगेतून एक बाई कडाडली.

"मालक शेतावर भाकरीची वाट बघत बसलाय माझा."

"कुनाची हाय म्हनं ती गिटार?"

सर काहीतरी बोलायला गेले, पण त्यांचा आवाज गिरणीत बुडाला. मग मीच ओरडले. कॉलेजात आल्यापासून जपून बोललेली माझी भाषा पार सुटली. "कॉलेजची हाय! परवा इंदापूरला स्पर्धा हाय! माझ्याकडनं मोडली, आबांनी जोडली. पॉलिशवर पीठ बसतंय म्हनून इनंती करतोय!"

"वाजवनार कोन? त्ये सर?"

"न्हाय. मी."

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. पुढेच जोंधळ्याचा डबा घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी डबा खाली ठेवला, त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "बंद कर गं गिरनी. बघू दे तरी मला, पोरगी काय वाजिवती त्ये."

काकूंनी बटण दाबलं. पट्टा फडफडत थांबला आणि इतकी शांतता झाली, की कसब्यातले लोक घरातून बाहेर आले.

ते दोन-सव्वादोन तास मी जन्मात विसरणार नाही. आबांनी दुकानात पाणी शिंपडलं, पीठ खाली बसवलं. बाया दारात दाटीवाटीने उभ्या. आबा बजावत होते, "पदर झाडू नगा. पोरं आत नगं. जोरात बोलू नगा, वारं हलतंय." मलमलीच्या फडक्यात कापूस बांधून केलेला बोळा त्यांनी पॉलिशमध्ये टेकवला आणि लाकडावर फिरवायला सुरुवात केली. न थांबता, आठाच्या आकड्यासारखा. हात थांबला की तिथे डाग, म्हणून हात थांबत नव्हता. एक थर, मग वाळायची वाट, मग दुसरा. प्रत्येक थराला त्या कोऱ्या लाकडातून एक सोनेरी रंग वर येत होता आणि दारातून "आगं बया" असा एकच हलका सूर उमटत होता.

"तूप लावल्यावानी दिसतंय," कोणीतरी कुजबुजलं.

"आबा, आमच्या कपाटाला करशिला का?"

"गप बसा! वारं!"

काकू घड्याळ पाहत होत्या. दोन तास झाले. त्यांनी बटणाला हात लावला नाही. वर पंधरा मिनिटं झाली तेव्हा आबांनी मान वर केली. शेवटच्या थरात, अगदी कडेला, मोहरीच्या टोकाएवढा एक पांढरा ठिपका अडकला होता. आबांना तो खुपत होता. सर हात जोडून म्हणाले, "आबा, नाही दिसत कुणाला." आबांनी कार्ड काढलं आणि आमच्या दोघांच्या ओळींखाली लिहिलं, "पॉलिशमध्ये पिठाचा कण. कारण: घाई. जबाबदार: मी."

आजींनी वाजवून घेतल्याशिवाय आम्हाला सोडलं नाही. नायलॉनच्या नव्या तारा चढवून मी तिथेच, गिरणीच्या ओट्यावर, समूहगीताची साथ वाजवली. घोडीला भार सोसतो आहे का, एवढंच आबा बघत होते. त्या दिवशी कसब्यात निम्म्या घरांतल्या भाकऱ्या उशिरा झाल्या असणार.

पुढे माझं त्यांच्याकडे जाणं-येणं वर्षानुवर्षं राहिलं. नवी गिटार घ्यायची असली, की लोक आबांना भाडं देऊन पुण्याला घेऊन जात. पहिल्या पगारातून मी माझी गिटार घेतली तेव्हा मीही नेलं. दुकानात भिंतभर चकाकणाऱ्या गिटारी. आबांनी एकीलाही हात लावला नाही. मालकाला विचारलं, "दुपारी गिऱ्हाईक नसतं तवा तुमच्या दुकानातली पोरं कोनची वाजिवत्यात?" मालक गोंधळला. नोकरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकाने काउंटरखालून एक साधी, ओरखडे पडलेली गिटार काढली. आबांनी काठी दातांत धरली, सहा तारा ऐकल्या आणि म्हणाले, "हीच. दिसभर दुकानात बसनारी पोरं वंगाळ गिटार कशाला वाजिवतील?" तीच गिटार आजही माझ्याकडे आहे. आबा आता नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि ध्वनीचा धडा आला, की प्रत्येक मुलाच्या दातांत एकेक काठी देते.

पण शनिवारचं राहिलंच.

दुरुस्त केलेलं यंत्र पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा फिटरने शेजारी उभं राहायचं, हा त्यांचा नियम. त्यामुळे भाड्याच्या जीपमध्ये गायक मुलं, सर, मी आणि गोधडीत गुंडाळलेली गिटार यांच्याबरोबर आबाही इंदापूरला आले. पूर्ण गाणं होईस्तोवर ते विंगेत उभे राहून एकटक घोडीकडे बघत होते. पहिल्या कडव्याला मीही घोडीकडेच बघत होते, दुसऱ्याला नाही. गिटारपुढे माइक होता, त्यामुळे या वेळी ती ढोलकीतही ऐकू आली. आमचा दुसरा नंबर आला. मुलं नाचली, सरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मी हसत होते आणि मनात सोमवार मोजत होते.

परत निघताना सर म्हणाले, "तुझं गाव इकडेच ना? पत्र जाण्याआधी आपण जाऊन सांगू. माझीही चूक आहे." आबांना ते उजव्या कानात सांगितलं. "व्हय," ते म्हणाले. "कागद जायच्या आत तोंडानं सांगितलेलं बरं."

जीप दारात थांबलेली पाहून दादा गोठ्यातून बाहेर आले. जीप, सर, मी. त्यांना जे समजायचं ते समजलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

सर बोलायच्या आत मी बोलून टाकलं. "दादा, मी कॉलेजची गिटार मोडली. चुकीच्या तारा लावल्या, कुनाला इचारलं न्हाय. सोमवारी तुमच्या नावानं पत्र निघनार हाय."

"माझ्याही हातून ती आधी पडली होती," सर म्हणाले. दादांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"कुठाय ती?"

मी गोधडी सोडली. दादांनी गिटार उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. त्यांनी पॉलिशवरून अंगठा फिरवला, वरून खाली, परत वर. "कुठं मोडलेली?" मी दाखवलं. त्यांनी नखाने सांधा शोधला. सापडला नाही.

"जोडली कुनी?"

"ह्यांनी." मी आबांकडे बोट केलं. "सरस मी घोटला."

दादा बराच वेळ आबांच्या हातांकडे पाहत होते. काळवंडलेली नखं, बोटांच्या भेगांत अजून पॉलिश. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

"आता वाजती का?"

"वाजते."

"मंग वाजिव की."

मी ओट्यावर बसून वाजवलं. शेजारपाजारचे जमले. आईने सगळ्यांना चहा दिला. सर बशीत चहा ओतून नुसता पाहत बसले. मग दादा उठले आणि सरांना म्हणाले, "निघा आता. अंधार व्हायच्या आत बारामती गाठा. पोरीला हॉस्टेलात सोडा."

"आणि पत्र?" मी विचारलं.

"येऊ दे. ह्या घरात वाचनारं कोन हाय तुझ्याबिगर? ठिवून देतो. दिवाळीला आलीस की वाचून दाव."

जीप गावाबाहेर पडल्यावर सरांनी ते वाक्य आबांच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं. आबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

दिवाळीला मी घरी गेले. दादांनी ट्रंकेतून पाकीट काढलं, फोडलेलंही नव्हतं. मी मोठ्याने वाचलं. आपल्या पाल्याच्या निष्काळजीपणामुळे महाविद्यालयाच्या वाद्याचं नुकसान झालं, वाद्य आता दुरुस्त करण्यात आलं आहे, यापुढे समज द्यावी. दादा मांडी घालून शेवटपर्यंत ऐकत होते.

"संपलं?"

"संपलं."

"त्या आबाचं नाव न्हाय त्यात कुठं?"

"न्हाय."

"मंग अर्धंच लिवलंय," दादा म्हणाले आणि पाकीट परत ट्रंकेत ठेवून दिलं.